सातवी 'ब'चं हृदय

९ जुलै

बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न वाचताच बाजूला ठेवणार असाल तर एक मिनिट थांबा. भांडायला लिहिलेलं नाही, माफी मागायलाही नाही. शाळेच्या कामाचं आहे, आणि शाळेचं काम तुम्ही जन्मात कधी टाळलेलं नाही.

फोनच करणार होते. पण माझा फोन आला की तुम्ही उठून मागच्या दारी जाता, असं आई सांगते. नऊ वर्षं तुम्ही मागच्या दारी नेमकं काय करता हे विचारायचं राहूनच गेलंय.

तर बातमी. तुमची भिंगरी, जी बीएस्सीचं शेवटचं वर्ष सोडून नाचाच्या नादी लागली, ती आजपासून सातवी 'ब'ला विज्ञान शिकवते आहे. हातात चहाचा कप असेल तर खाली ठेवा. झालं असं, विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली शिक्षक मिळेना, म्हणून मोठ्या बाईंनी माझा जुना अर्ज कपाटातून काढला. मी इथे नाचाची बाई म्हणून लागले तेव्हा उगाच रुबाब म्हणून त्यात लिहिलं होतं, 'दोन वर्षं जीवशास्त्र'. ते आता असं अंगाशी आलं.

मोठ्या बाईंनी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. नाचाचा हॉल संस्थेच्या डोळ्यांत खुपतोय. मध्ये भिंत घालायची, दोन कॉम्प्युटर-खोल्या करायच्या, नाचाचा तास बंद, नाचाची बाईही बंद. मोठ्या बाईंनी त्यांना सहामाहीपर्यंत कसंबसं थोपवलंय. त्या म्हणाल्या, "मी त्यांना शब्द देऊन बसलेय, की या हॉलमध्ये सगळे विषय शिकवता येतात. आता तो शब्द खरा करायचं काम तुमचं." सहामाहीत सातवी 'ब'चा विज्ञानाचा निकाल सातवी 'अ'च्या बरोबरीला आला तर हॉल राहील. नाही आला तर भिंत.

'अ'ला शिकवणारे सर म्हणजे पंचवीस वर्षं मुरलेला माणूस. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी तिला उभं करून प्रश्न विचारतील. आणि माझा आजचा पहिला तास? 'रक्ताभिसरण' वाचून दाखवलं. एकेचाळीस मुलं. तिसऱ्या परिच्छेदाला मागचे दोन बाक झोपले, पाचव्याला मलाच जांभई आली.

तुम्ही रक्ताभिसरण कसं शिकवायचात? मी मुलींच्या शाळेत होते, तुमचा एकही तास मी पाहिलेला नाही. एवढंच सांगा.

तुमची भिंगरी


२२ जुलै

बाबा,

माझंच पत्र मला परत. लाल शाईने तपासून.

आधी वाटलं पोस्टमन चुकला. मग उघडलं, आणि हसू की रडू कळेना. 'बाळंतपणाच्या रजेवर' याच्याखाली रेघ आणि शेजारी, 'तिला माझा आशीर्वाद'. माझ्या वाट्याला आशीर्वाद नाही, ठीक आहे. खाली दहापैकी चार. पण नऊ वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं बाबा, आणि मी ते चार गुण शेजारणीला नेऊन दाखवले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर काही दिलं नाहीत. म्हणून मी स्वतःच शोधलं, आणि काय सांगू, गेले दहा दिवस माझे पाय जमिनीवर नाहीत.

मुलांना हॉलमध्ये नेलं. बूट बाहेर, पुस्तकं दप्तरात, दप्तरं भिंतीला. फरशीवर खडूने भलंमोठं हृदय काढलं, पुस्तकातल्या चित्राबरहुकूम, चार खोल्यांचं. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. म्हटलं, आता तुम्ही रक्त. वीस मुलांच्या हातात निळे रुमाल. हॉलच्या दोन कोपऱ्यांत फुप्फुसं: प्रत्येकी चार मुलं गोल करून श्वास घेतायत, सोडतायत, आणि येणाऱ्याचा निळा रुमाल काढून लाल देतायत. खोल्यांच्या दारांत झडपा: जोडीजोडीने हात धरून उभ्या. रक्त आलं की हात वर, गेलं की हात खाली, परत यायला बंदी. मी टेबलावर ठेका धरला, लब-डब, लब-डब.

पहिल्या फेरीत सगळं रक्त एकाच दारात अडकलं आणि तिघांचे गुडघे फुटले. दुसऱ्या फेरीत फुप्फुसं हसत सुटली, त्यामुळे शरीर बहुधा मेलं. तिसऱ्या फेरीला लागलं. बाबा, लागलं. लांबच्या कोपऱ्यात एका मुलाला पायाची करंगळी म्हणून बसवलं होतं, तो ओरडायला लागला, "बाई, माझ्याकडे लाल येतच नाहीये, मी काळा पडतोय." तर एक मुलगी म्हणाली, "अरे, तू लांब आहेस. खालच्या खोलीने जोरात ढकलायला पाहिजे." मी न सांगता. त्या खोलीच्या भिंतीला मग सहा मुलं लावली. जाड भिंत का असते हे मी दोन वर्षं पाठ केलं होतं, मला ते त्या दिवशी कळलं.

या मुलीला सगळे मुंगी म्हणतात. वर्गात ती हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते, तोंड उघडत नाही. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

एक बोलून टाकते. तुमच्या निरोपसमारंभाचं. लोक त्या दिवशी प्रेमाने हसले होते बाबा. तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत.

भिंगरी


१२ ऑगस्ट

बाबा,

परत आलेलं पत्र मिळालं. निळ्या रुमालांशेजारी तुम्ही लिहिलंत, 'रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. मुलांना आजच्या आज सांग.' सांगितलं. 'गुडघ्यांना औषध लावलंस का?' लावलं. दहापैकी सहा, आभारी आहे. आणि 'लोक प्रेमाने हसले' याच्यावर आडवी काट आणि एकच शब्द: 'चूक'.

का चूक ते लिहायचं नाही. नुसती काट मारायची. वर्गातल्या पोराला तरी कारण सांगितलं असतंत.

जाऊ द्या. आज मी रागावणार नाही, कारण आज मोठ्या बाई हॉलमध्ये येऊन गेल्या. त्या बघत बघत चित्रात शिरल्या, वरच्या खोलीतून खालच्या खोलीत आल्या, आणि मागे वळून काहीतरी विचारायला लागल्या तर दारात मुंगी. हात खाली, घट्ट. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, मला जाऊ दे." मुंगी म्हणाली, "नाही बाई. झडप उलटी उघडत नाही. तुम्हांला फुप्फुसातून जाऊन यावं लागेल." आणि मोठ्या बाई, साठीला आलेल्या, गुडघेदुखीच्या, गेल्या हो फुप्फुसातून. लाल रुमाल घेऊन परत आल्या. बाहेर पडताना मला हळूच म्हणाल्या, "ही पोर शाळेत आल्यापासून माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, आणि तेही मला अडवायला."

आता तर हॉलसाठी रांग लागलीय. गणिताच्या बाई अपूर्णांक टाळ्यांवर शिकवतायत. चारांत तीन टाळ्या, आठांत सहा, आणि पोरं म्हणतात हे तर एकच आहे. भूगोलवाल्या सरांनी चाळीस पोरांना सूर्याभोवती फिरवून चक्कर आणली. इतिहासाच्या बाई दोन राजांचा तह नाटकात बसवतायत, पण दोन्ही राजे तहाला तयार होत नाहीत.

माझी शिकवायची रीत विचारली नाहीत तरी सांगते. मी चित्राच्या वरच्या टोकाला, मुलांसमोर तोंड करून उभी राहते, नाचाच्या वर्गात राहते तशीच. हाताने खूण करते आणि ठेक्यावर ओरडते: "डावीकडून निळे आत, उजवीकडून लाल बाहेर." मुलं माझ्या मागोमाग ओरडतात. आता ती झोपेतसुद्धा चुकायची नाहीत, त्यांच्या पायांनाच पाठ झालंय.

'अ'वाले सर परवा दारात उभे राहिले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "कसरत छान आहे. पेपर मात्र हातांनी लिहायचा असतो." मी गोड हसले. तुमच्यापाशी सांगते, आतून जळफळाट झाला.

भिंगरी


२० सप्टेंबर

बाबा,

घाईत आहे, चारच ओळी. उद्यापासून सहामाही. विज्ञान परवा. तुमचं पाकीट मिळालं, वाचलं, लक्षात ठेवीन.

मुलं इतकी तयार आहेत की मलाच भीती वाटत नाही. मुंगीने काल पूर्ण मार्ग एकटीने, डोळे मिटून, चालून दाखवला. चालता चालता खोल्यांची नावं घेत होती, मोठ्याने. पोरं टाळ्या वाजवायला लागली तर म्हणाली, "गप्प बसा, ठेका चुकतो."

भिंत पडणार नाही बाबा. म्हणजे घातली जाणार नाही. कळलं ना मला काय म्हणायचंय?

भिंगरी


५ ऑक्टोबर

बाबा,

सरळच लिहिते.

सातवी 'ब'वर कॉपीचा आळ आलाय. सगळ्या वर्गावर. पेपर 'अ'च्या सरांनी तपासले. रक्ताभिसरणाच्या प्रश्नाला एकेचाळीस मुलांनी लांबलचक, क्रमवार, सुंदर उत्तरं लिहिली. एकाही मुलाने पायरी गाळलेली नाही. आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस उत्तरांत डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. शरीराकडून येणारं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं. आमच्या वर्गाने एकमुखाने ते डाव्या बाजूला आणलं. सर मोठ्या बाईंना म्हणाले, "एकाची चूक समजू शकतो. एकेचाळीस मुलं एकाच खड्ड्यात आपापली पडत नाहीत." त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मी गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये बसले. दहा पेपर वाचले आणि लक्षात आलं. तुम्हांला एव्हाना कळलंच असेल. वीस वर्षं मी नाच शिकवते. समोर तोंड करून उभी राहते, माझा उजवा हात वर करते आणि तोंडाने म्हणते 'डावा', कारण समोर बघणाऱ्या पोरांचा तो डावा असतो. ही सवय इतकी हाडात गेलीय की ती सवय आहे हेच मी विसरले. चित्र बरोबर होतं. माझा हात बरोबर बाजूला जात होता. आणि तोंडाने मी रोज, ठेक्यावर, चाळीस चाळीस वेळा उलटं शिकवलं. जगात दुसरी कुठली विज्ञानाची बाई ही चूक करणार नाही. त्यासाठी आधी नाचाची बाई असावं लागतं.

मुलांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. मुंगीला विचारलं, कुणाचं बघून लिहिलंस? ती म्हणाली, "कुणाचं नाही. पायांनी सांगितलं." संस्थेचे एक गृहस्थ तिथे बसले होते, ते हसले. त्यानंतर मुंगी बोललेली नाही. आज हजेरीला पुन्हा नुसता हात वर.

आता दुसरं. मी तुम्हांला खोटं लिहिलं होतं. तुमचं तिसरं पाकीट मी उघडलंच नव्हतं. त्या 'चूक'चा राग होता. म्हटलं, मारू दे त्यांना काट, मला नाही बघायची. पाकीट पंधरा दिवस टेबलाच्या खणात होतं. काल पेपर वाचून घरी आले आणि उभ्या उभ्या उघडलं. 'डावीकडून निळे आत' याच्याभोवती लाल गोल, दोनदा गिरवलेला, कागद फाटेपर्यंत. आणि समासात, पहिल्यांदाच, पूर्ण मजकूर:

'तू त्यांच्यासमोर उभी आहेस, म्हणून बाजू उलटतेय. परीक्षेआधी दुरुस्त कर. एकेका मुलाला चित्रावर उताणं झोपव, म्हणजे त्याचा उजवा तोच हृदयाचा उजवा. मी असंच शिकवायचो. टेबलावर स्वतः आडवा होऊन.'

मी खाली बसले बाबा. तुम्ही टेबलावर आडवे होऊन शिकवायचात. इस्त्रीचा सदरा घालून. मला माहीतच नव्हतं.

आणि मी निरोपसमारंभाच्या दिवशी भरल्या सभागृहात तुमची नक्कल केली, लोकांना वाटलं मुलगी बापाला किती छान ओळखते. काय ओळखत होते मी? रोज सकाळी कपाटाच्या आरशासमोर तुम्ही धड्याची तालीम करायचात, ती. 'आ-आ-आजचा धडा.' एकेक अक्षर दहादहा वेळा घासून, वर्गात अडू नये म्हणून. तीस वर्षं तुमच्या एकाही विद्यार्थ्याला कळलं नव्हतं की सर बोलताना अडखळतात. ते फक्त घराला माहीत होतं. मी ते पाचशे लोकांना करून दाखवलं, हशा घेतला, आणि वर वाकून नमस्कारही केला. तुम्ही पहिल्या रांगेतून उठून गेलात तेव्हा मला वाटलं, बाबांना विनोद कळत नाही.

लोक प्रेमाने हसले नव्हते. मी हसवलं म्हणून हसले. तुमची काट बरोबर होती. माझं चुकलं, बाबा. फार चुकलं. हे मी नऊ वर्षांपूर्वी त्याच दिवशी मागच्या दारी येऊन म्हणायला हवं होतं.

भिंगरी


९ ऑक्टोबर

बाबा,

या पत्रासोबत शाळेच्या शिक्क्याचं एक पत्र आहे. ते आधी वाचलंत तरी चालेल, पण मग हे वाचा, नाहीतर वाटेल मी काहीतरी डाव टाकलाय.

मी मोठ्या बाईंपुढे सगळं कबूल केलं, सरांच्या समोर. हात वर करून, 'डावा' म्हणून, करून दाखवलं. सरांनी स्वतःचा हात वर करून बघितला. मग म्हणाले, पटतंय, पण संस्थेला कागदावर पुरावा लागेल. शेवटी ठरलं की बुधवारी फेरपरीक्षा, तोंडी, हॉलमध्येच. मुलं चालणार, परीक्षक मध्येच थांबवून कुणालाही काहीही विचारणार. मुलं सुटली तर आळ जाईल आणि गुणही मिळतील, म्हणजे निकाल 'अ'च्या बरोबरीला येतो. नाही सुटली तर एकेचाळीस जणांच्या प्रगतिपुस्तकावर शेरा, आणि हॉलमध्ये भिंत.

मोठ्या बाई म्हणाल्या, "परीक्षक बाहेरचा हवा. जीवशास्त्राचा, निवृत्त, कडक, आणि तुमच्या ओळखीचा नसलेला." मी म्हटलं, शेवटचं सोडून बाकी सगळं जमणारा एक माणूस आहे. माझे वडील. त्या म्हणाल्या, "मग कसं चालेल?" मी म्हटलं, ते नऊ वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "मग याहून निःपक्षपाती माणूस मला कुठून मिळणार?"

मला वाटलं सर हरकत घेतील. त्यांनी तुमचं नाव ऐकलं आणि खुर्चीतून उठलेच. ते तुमचे विद्यार्थी निघाले. म्हणाले, "त्यांनी मला दोनदा नापास केलंय. ते कुणाला सोडणार नाहीत. बोलवा." आणि मग हा कडक माणूस चक्क लाजला आणि म्हणाला, "ते टेबलावर झोपायचे, माहितीये? मी कधीच नाही झोपलो. धीर नाही झाला."

तुमच्या सांगण्याप्रमाणे मुलं रोज चित्रावर उताणी झोपतायत. एकेक जण झोपतं, स्वतःचा उजवा हात उचलतं, 'इकडून शरीराकडचं रक्त आत' म्हणतं आणि उठतं. पण पाय हट्टी असतात. जुना ठेका लागला की निम्मी पोरं अजून डावीकडे वळतात. मी आता त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते आणि तोंड बंद ठेवते. तोंड बंद ठेवायला मला किती कष्ट पडतात हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

मी त्या दिवशी हॉलमध्ये नसेन, तसा नियमच केलाय. तुम्हांला माझं तोंड बघावं लागणार नाही. माझ्यासाठी येऊ नका. त्या पोरांसाठी या.

भिंगरी


१६ ऑक्टोबर, दुपारी चार

बाबा,

हे पत्र टपालात पडणार नाही. तुम्ही पलीकडच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आहात, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर वही ठेवून लिहितेय. तुमची गाडी सहाला आहे.

सकाळी मी व्हरांड्याच्या खिडकीपाशी उभी होते. तुम्हांला आतून जे दिसलं नसेल ते सांगते.

तुम्ही आल्या आल्या म्हणालात, चित्र पुसा. ते चित्र काढायला मला एक तास लागला होता. मुलांनी माझ्याकडे बघितलं नाही, खडू घेतले आणि चार मिनिटांत पुन्हा काढलं. मुंगीने वरच्या उजव्या खोलीच्या जागी आडवं पडून अंदाज घेतला आणि मग रेघ ओढली. तेव्हा सर माझ्या शेजारी येऊन उभे होते. ते 'शाबास' म्हणाले, अगदी पुटपुटल्यासारखं.

मग मुलं चालायला लागली. तुम्ही हात वर केलात, सगळी जागच्या जागी थांबली. तुम्ही मुंगीकडे बोट दाखवलंत. विचारायचं होतं, उजव्या कर्णिकेतून पुढे कुठे. 'उजव्या' झालं. आणि 'क' अडला.

बाबा, मला त्या खिडकीपासून पळून जावंसं वाटलं. तुमची मान पुढे गेली, हात सदऱ्याच्या कडेला घट्ट. मोठ्या बाई खाली बघायला लागल्या. संस्थेचे ते गृहस्थ खाकरले. आणि माझ्या मनात एकच, आता कुणीतरी हसेल, आणि तो हशा मीच पेरलेला असेल.

कुणी हसलं नाही. मुंगीने टाच उचलली आणि टेकवली. लब-डब. मग शेजारच्या झडपेने. मग फुप्फुसांनी. बघता बघता एकेचाळीस टाचा, इतक्या हळू, की मला ते ऐकू येण्याआधी खिडकीच्या गजाला जाणवलं. मी हे शिकवलेलं नाही असं म्हणणार नाही. मी त्यांना एवढंच सांगून ठेवलंय, की चालताना कुणी अडलं तर त्याचा शब्द आपण बोलायचा नाही, ठेका सोडायचा नाही, तो येईपर्यंत. त्यांनी ते तुमच्यासाठी केलं. परीक्षकासाठी. एवढीशी पोरं.

आणि तिसऱ्या ठोक्यावर तुम्ही म्हणालात, "कर्णिकेतून पुढे?" मुंगी म्हणाली, "उजव्या जवनिकेत, आणि तिथून फुप्फुसात. आणि सर, परत यायचं नाही."

त्यानंतरचे सगळे प्रश्न तुम्ही ठेक्यावर विचारलेत. तुम्हांला कळलं का माहीत नाही, तुमचा उजवा पाय चालत होता. दीड तास. एकेचाळीस मुलं, एकालाही सोडलं नाहीत, करंगळीलासुद्धा नाही. दोघं चुकली, ती दोघं चित्रावर पुन्हा उताणी झोपतील. तुमचा अहवाल मोठ्या बाईंनी संस्थेच्या माणसासमोर मोठ्याने वाचला: 'कॉपी झालेली नाही. शिकवणारीची चूक मुलांनी प्रामाणिकपणे लिहिली. चूक दुरुस्त झाली आहे. माझ्या तीस वर्षांत इतकी तयार सातवी पाहिलेली नाही.' सर तेव्हा भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. हॉल राहिला बाबा. आठवड्यातून चार दिवस, सगळ्या विषयांना. मुंगी जाताना दारात थांबली आणि विचारून गेली की मूत्रपिंडात झडपा असतात का, नसतील तर तिने काय व्हायचं.

मग तुम्ही माझ्यासोबत घरापर्यंत चालत आलात. मी बोलत होते, तुम्ही नव्हता. चहा ठेवला. कप हातात घेऊन तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू..." आणि अडलात.

आणि मी, एकेचाळीस पोरांना जे शिकवलं ते सगळं विसरून, घाईघाईने म्हटलं, "साखर हवी का?" तुम्ही मान हलवलीत. मी साखर घातली. तुम्ही तो गोड चहा निमूटपणे प्यायलात. बाबा, तुम्ही बिनसाखरेचा पिता. आईने मला दहा वेळा सांगितलंय.

लहानपणापासून मी हेच करत आले. तुमचं वाक्य अडलं की मी ते माझ्या मनाने पुरं करायचे, आणि तुम्ही मान हलवायचात. किती वाक्यं अशी माझीच होऊन गेली असतील.

आता हे पत्र तुमच्या हातात देते आणि समोरच्या स्टुलावर बसते. गाडी सहाची चुकली तर चुकू दे, सकाळी दुसरी आहे. त्या 'तू'च्या पुढे काय होतं ते मला ऐकायचंय. कितीही वेळ लागू दे. मी मध्ये बोलणार नाही.

भिंगरी